सांदवाडी आणि शेजारी

'परसबाग' हा शब्द आमच्या झाडीपट्टीत पुस्तकांतून आणि सरकारी पत्रकांतून आला. भंडारा जिल्ह्याच्या खेड्यांत घरामागच्या मोकळ्या जागेला लोक पिढ्यान् पिढ्या सांदवाडी, किंवा नुसतेच वाडी, म्हणत आले आहेत. या वाडीत काय नसे? पावसाळ्यात कुंपणावर दोडके आणि कारली, मांडवावर वाल, कवेलूंच्या छपरावर कोहळ्याचा वेल, न्हाणीच्या सांडपाण्यावर आळू, एका कोपऱ्यात वांग्यांची व मिरच्यांची चार झाडे, शिवाय कोणी न पेरता उगवणारा तरोटा. घरची बाई चूल पेटविण्यापूर्वी मागच्या दाराने जाई आणि ओट्यात भाजी घेऊन परते. तिला कोणी 'बागकामाची आवड असलेली' म्हटले असते तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

आज त्याच घरांतील मुले आणि सुना परसबाग कशी सुरू करावी असे आम्हांस विचारतात. मागच्या अंगणात काँक्रीट झाले, गुरे विकली गेली म्हणून शेण राहिले नाही, माकडांचा उपद्रव वाढला, आणि बाजारात भाजी बारमाही मिळू लागली. पुढे २०२० साली टाळेबंदी आली. आठवडी बाजार बंद पडले आणि धानाच्या कोठाराने भरलेल्या या जिल्ह्यात लोकांना एकाएकी जाणवले की घरात तांदूळ आहे, पण त्यावर घालायला काही नाही. त्याच वर्षी राज्याच्या जीवनोन्नती अभियानाने, ज्याला आपण 'उमेद' म्हणून ओळखतो, 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम हाती घेतली आणि बचत गटांच्या स्त्रियांनी गावोगावी वाफे पाडले. संकटात मनुष्य कुदळीकडे वळतो हे नवीन नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लोकांनी हिरवळी उकरून बटाटे लावले होते आणि अमेरिकेत १९४३ साली अशा घरगुती भाजीबागांची संख्या दोन कोटींच्या घरात गेल्याचे सांगतात. युद्ध संपले आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा हिरवळ आली.

'कसे' या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही. ते आधी देऊन टाकतो, म्हणजे आम्हांस खरोखर जे बोलावयाचे आहे त्याकडे वळता येईल. दिवसाकाठी निदान सहा तास ऊन येईल अशी जागा निवडावी. पहिल्या वर्षी दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद तुकड्याहून अधिक हव्यास धरू नये. आमच्याकडील कन्हार आणि मोरांड जमिनी पाणी धरून ठेवतात. धानाला त्या उत्तम, परंतु मिरची-वांग्याची मुळे अशा ओलीत सडतात, म्हणून वाफा वीतभर उंच करावा आणि भोवती चर काढावा. बरडी जमिनीत याच्या उलट करावे. तेथे पाणी टिकत नाही, तेव्हा शेणखत अधिक घालून वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. शेणखत पुरते कुजलेले हवे, कारण ताज्या शेणाबरोबर हुमणी आणि वाळवी येते. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. नवशिके ते बोटभर खोल पुरतात आणि मग बियाणे विकणाऱ्याला दोष देतात. भेंडी, चवळी, दोडके, कारली ही पावसाळ्याची. मेथी, पालक, मुळा आणि ज्याला उर्वरित महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो तो आमचा सांबार ही हिवाळ्याची. पालेभाजी महिन्याभरात हाती येते, भेंडी साधारण पन्नास दिवसांत. वांगी, मिरची आणि भेदरे यांची रोपे आधी गादीवाफ्यावर तयार करावी लागतात आणि चार-पाच आठवड्यांनी ती हलवावयाची असतात. ज्याला धीर कमी त्याने मेथीपासून आरंभ करावा. ती सहसा निराश करीत नाही.

आता प्रश्न 'का' याचा. एक सुशिक्षित गृहस्थ आम्हांस म्हणाले, "फादर, पंधरा-वीस रुपयांच्या भाजीसाठी महिनाभर पाणी घालायचे, हा कोणता हिशोब?" त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. कुंपणाची जाळी, बियाण्याची पाकिटे, नळीचा खर्च आणि आपल्या तासांची मजुरी धरली तर पहिल्या वर्षीची घरची भेंडी बाजारातील भेंडीपेक्षा महागच पडते. परसबागेचे समर्थन जे केवळ बचतीवर करतात त्यांचे समर्थन एका हंगामात कोसळते. आरोग्याचा मुद्दा अधिक भक्कम आहे. माणसाने दिवसाला निदान चारशे ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि भातावर वरणाचे पाणी ओतून जेवण संपविणाऱ्या आमच्या अनेक घरांत त्याच्या निम्मेही ताटात पडत नाही. दाराशी भाजी असेल तर ती खाल्ली जाते, हे साधे सत्य आहे.

श्रमाच्या मूल्याविषयी आमच्या परंपरेने पुष्कळ सांगितले आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जे नियम घालून दिले त्यांत अंगमेहनतीचे तास प्रार्थनेच्या तासांइतकेच काटेकोर ठरविलेले आहेत. इकडे महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी पंढरीला न जाता आपल्या मळ्यातच रमले आणि विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असे वारकरी परंपरा सांगते. त्यांचा देहान्त १२९५ साली झाला. परस्परांची नावेही ठाऊक नसलेल्या दोन जगांतून भाजीच्या वाफ्याविषयी इतका आदर यावा, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

परंतु बेनेडिक्टांच्या त्याच नियमांत एक गोष्ट अशी आहे की जिच्याशी आमचे मन पूर्ण जुळत नाही. पाणी, गिरणी, बाग हे सर्व शक्यतो मठाच्या भिंतींच्या आतच असावे, म्हणजे मठवासीयांना बाहेर हिंडण्याची गरज पडू नये, असे ते सांगतात. मठासाठी हा नियम शहाणपणाचा असेल. गावाच्या धर्मगुरूसाठी आणि चार घरांच्या मध्ये राहणाऱ्या संसारी माणसासाठी तो तसाच्या तसा चालत नाही. बाहेर हिंडण्याची गरज पडणे हेच तर शेजारधर्माचे मूळ आहे. ज्याला कोणाकडूनच काही घ्यावे लागत नाही त्याला कोणाच्या घरी दुखणे आहे हेही कळत नाही.

हा विचार आमच्या मनात एका भाजीवालीने घातला. गेली काही वर्षे आमच्या मिशनच्या आवारात शाळेची मुले आणि आम्ही मिळून थोडी भाजी काढतो. आठवड्यातून दोनदा डोक्यावर टोपली घेऊन येणारी ही बाई एके दिवशी कुंपणापाशी थांबली, आमची वांगी न्याहाळली आणि म्हणाली, "फादर, तुमचं वांगं चांगलं हाये. पन आता माह्या टोपलीतलं कोन घेईन?" ती तक्रार करीत नव्हती, विनोदही करीत नव्हती. ती हिशोब मांडीत होती, आणि तिचा हिशोब त्या सुशिक्षित गृहस्थांच्या हिशोबापेक्षा खोल होता.

स्वावलंबन हा सद्गुण आहे असे आपण सर्वजण मानून चालतो. मात्र माझे स्वावलंबन जर दुसऱ्याच्या उपजीविकेतून वजा होत असेल तर ते कितपत सद्गुण उरते? यावर एक झटपट उत्तर असे की बाजार फार मोठा आहे, एका घराने भाजी लावल्याने कोणाचे काही बिघडत नाही. शहरात हे खरे असेल. ज्या टोपलीची गिऱ्हाइके मोजून बारा घरे आहेत तेथे एक घर म्हणजे बारावा हिस्सा असतो. दुसरे उत्तर असे की तिचे नुकसान होऊ नये म्हणून मी माझी जमीन पडीक ठेवावी काय? नाही, तेही न्याय्य नव्हे. देवाने दिलेली माती, ऊन आणि पाऊस वाया घालविण्याचे व्रत कोणी कोणावर लादू शकत नाही. शिवाय गरीब घरांनीही वाडी लावावी असे आपण म्हणतो, आणि मग भाजीवालीच्या नावाने त्यांना अडविणे हा क्रूर विनोद ठरेल.

आमच्या मते या पेचाचे उत्तर लावण्या-न लावण्यात नाही, लावल्यानंतर आपण कसे वागतो यात आहे. ज्याने स्वतः मेथी काढली आहे, निवडून, माती झटकून, तिच्या जुड्या बांधल्या आहेत, त्याला एका जुडीत किती ओणवे होणे असते हे कंबरेला कळते. असा माणूस टोपलीपुढे उभा राहून दोन रुपयांसाठी घासाघीस करू शकत नाही; आणि तरीही करीत असेल तर त्याची परसबाग निष्फळ गेली असे आम्ही खुशाल म्हणू. पगारदार माणसाच्या वाफ्याची पहिली जबाबदारी ही की बाजारातील भाजीला रास्त भाव द्यावयास त्याने शिकावे. दुसरी गोष्ट उरलेल्या भाजीची. श्रावणात दोडके एकदम येतात, एवढे की शेजाऱ्यांना फुकट वाटण्याचा मोह होतो. औदार्यातही डोळे उघडे हवेत. जे विकत घेऊ शकतात अशा दहा घरांना फुकट दोडके पोहोचविले तर त्या आठवड्यात टोपली भरलेलीच परत जाते. तेच दोडके जे विकत घेऊच शकत नाहीत अशा दोन घरांत गेले तर कोणाचेही काही हिरावले जात नाही. जुन्या करारात शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावीत असा नियम आहे. त्यात मालकाने पोते भरून घरोघरी वाटावे असे म्हटलेले नाही. गरिबाने स्वतःच्या हाताने वेचावे, म्हणजे त्याची मान खाली जात नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. मिशनच्या मागच्या कुंपणावरील वाल आम्ही तोडत नाही. रस्त्याच्या बाजूला लोंबणाऱ्या शेंगा ज्याला हव्या त्याने न्याव्यात. भाजीवाली बाई मात्र अजूनही येते, आणि ज्या भाज्या आमच्याकडे होत नाहीत त्या आम्ही तिच्याकडूनच घेतो. तिने सांगितल्यावरून कांदा आणि बटाटा लावण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही.

विषाविषयीही असेच दोन बाजूंनी बोलले पाहिजे. आजकाल परसबाग लावणारे बहुतेक लोक 'विषमुक्त अन्न' हे कारण पुढे करतात. ते खोटे नाही. वांग्याच्या शेंड्यांत आणि फळांत शिरणारी अळी इतकी चिवट आहे की बाजारासाठी वांगी करणारा शेतकरी वारंवार फवारणी केल्याशिवाय तिच्यापुढे टिकत नाही. घरच्या आठ झाडांसाठी उपाय सोपा आहे. दर आठवड्याला सुकलेले शेंडे अळीसकट कापून नष्ट करावेत, किडके फळ झाडावर ठेवू नये, आणि निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम रात्रभर भिजवून, गाळून शिंपडावे. भेंडीची पाने पिवळ्या शिरांनी जाळीदार दिसू लागली तर तो केवडा रोग होय. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, म्हणून असे झाड उपटून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. अळी हाताने चिरडताना नवशिक्याच्या मनाला जो थरकाप होतो तो आम्हांस चांगला वाटतो. जे आपण बाटलीकडून करवून घेतो ते हाताने करावे लागले म्हणजे अन्नासाठी काय काय मरते याची निदान नोंद राहते.

तरीही 'मी विषमुक्त खातो' हे वाक्य आम्हांस अपुरे वाटते. २०१७ साली आमच्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले. ते विष कोणाच्या ताटासाठी नव्हते, अंगावरील कपड्यांसाठी होते. आपल्या घरामागे शंभर चौरस फूट निर्मळ करून उरलेल्या पृथ्वीवरील फवारणीकडे पाठ फिरविणे ही शुद्धता नव्हे, सोवळे आहे. घरी विष न वापरणाऱ्याने शेजारच्या धानाच्या बांधीत उघड्या अंगाने पंप पाठीवर घेऊन निघालेल्या मजुराला निदान थांबवून तोंडाला फडके, हातमोजे आणि अंगभर कपडे आहेत की नाहीत एवढे विचारावे. आम्ही विचारतो. कधी तो हसतो, कधी रागावतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. परसबागेच्या मोहिमा बहुधा स्त्रियांच्या नावे निघतात आणि स्त्रियांच्याच पाठीवर चालतात. पहाटे उठून पाणी भरणारी, रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून परतणारी, मग स्वयंपाक करणारी बाई वाफ्यालाही पाणी घालते. आणि छायाचित्र काढावयाची वेळ आली की घरधनी धुतलेला सदरा घालून कोहळ्यापाशी उभे राहतात. ज्या घरात पुरुष आणि मुले पाणी शेंदणार नाहीत त्या घराने परसबाग सुरूच करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात आम्ही हे सांगतो तेव्हा मुली खाली मान घालून हसतात आणि मुलगे खिडकीबाहेर पाहतात.

आता जमिनीकडे वळू. पवित्र शास्त्रात भाजीच्या बागेची जी कथा आम्हांस सर्वांत अस्वस्थ करते ती राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. अहाब राजाच्या वाड्यालगत इज्रेलच्या नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तो हवा होता, आणि कशासाठी? भाजीचा मळा करण्यासाठी. या तपशिलाकडे प्रवचनांतून फारसे लक्ष दिले जात नाही. राजाला किल्ला बांधावयाचा नव्हता की घोडदळ ठेवावयाचे नव्हते. घराजवळ ताजी भाजी असावी एवढीच त्याची निरागस इच्छा होती, जी आज आपल्यापैकी कोणाचीही आहे. आणि त्याचा देकारही गैरवाजवी नव्हता: याहून चांगला मळा देतो, किंवा पैसे देतो. नाबोथ म्हणाला की हा वाडवडिलांचा वारसा आहे, तो देणार नाही. राजा तोंड फिरवून निजला आणि जेवेना. मग राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठार करविले, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यावयास गेला. तेथे एलिया संदेष्टा त्याच्यापुढे उभा राहिला.

या कथेतील पाप ईजबेलच्या पत्रांपासून सुरू होते असे सामान्यतः समजतात. आम्हांस ते आधीच सुरू झालेले दिसते, 'चांगला मोबदला देतो, मग अडचण काय' या वाक्यापाशी. मोबदला देऊ करणे हे पाप नव्हे. परंतु समोरच्याच्या जमिनीत किंमतीखेरीज काही असू शकते हे ज्याला दिसतच नाही, त्याच्या हातून पुढचे सारे घडू शकते.

आमच्या जिल्ह्यात हे वाचताना पवनी तालुक्यातील गोसीखुर्दचे धरण आठवल्यावाचून राहत नाही. वैनगंगेवरील या प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. धरण नसावे असे आम्ही म्हणत नाही. सिंचनाची गरज आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, आणि अहाबाच्या लोभाशी सार्वजनिक कार्याची सरसकट तुलना करणे अन्यायाचे होईल. पण बुडालेल्या गावांतून नव्या वसाहतींत आलेल्या कुटुंबांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानी आली. मोबदल्याच्या कागदांत घर होते, शेत होते, विहीर होती, आंब्याचे झाड होते. दारामागून रोज तोडलेल्या भाजीचा रकाना आम्हांस कोठे दिसला नाही. एका वृद्ध आजींनी आम्हांस सांगितले की नव्या घरात त्यांना सगळ्यांत अवघड गेले ते भाजी विकत आणणे. पैसे नव्हते म्हणून नव्हे, दुकानदाराला 'द्या' म्हणावे लागते म्हणून. वसाहतीच्या मुरमाड प्लॉटवर त्यांनी तीन वर्षे तळ्याची गाळमाती घमेल्याने आणून टाकली, तेव्हा कोठे वाल चढला. त्यांना 'नवशिक्या' कसे म्हणावे? आणि तरी त्या पुन्हा पहिल्यापासूनच शिकत होत्या.

ज्यांच्याकडे बुडावयासही काही नव्हते असे भूमिहीन वेगळेच. गावठाणातील टिनाच्या खोलीला मागचे दार नसते. परसबागेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये की घरामागे रिकामी जागा असणे हीच एक मालमत्ता आहे. होय, सिमेंटच्या पोत्यात माती भरून वांगे होते, फुटक्या बादलीत मिरची होते, आणि एका वेलाला मुळापुरती हातभर जागा आणि वर चढायला छप्पर पुरते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी आपल्या 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे आयुष्यभर हेच दाखविण्याचा ध्यास घेतला की थोडक्या जागेत, पालापाचोळ्याच्या मातीवर आणि सूर्यप्रकाशाच्या हिशोबी वापरावर दहा गुंठ्यांत एक कुटुंब पोसता येते. २००१ साली ते वारले. त्यांच्या 'विपुलाच सृष्टी' या ग्रंथाचे नावच एक विधान आहे. दाभोळकरांविषयी आम्हांस नितान्त आदर आहे. मात्र सृष्टी विपुल असली तरी सातबारा विपुल नाही, एवढे आम्ही नम्रपणे जोडू इच्छितो. एका बाजूला ग्रामपंचायतीची पडीक जागा आणि दुसऱ्या बाजूला टिनाच्या खोल्या असतील, तेथे 'पोत्यात लावा' हा सल्ला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

बियाण्याची गोष्ट त्या मानाने आनंदाची आहे. पाकिटातील संकरित बियाणे पहिल्या वर्षी जोमाने येते, परंतु त्याच्या फळाचे बी पुढच्या वर्षी लावले तर ते आईबापांवर जात नाही, म्हणून दर वर्षी पुन्हा पाकीट आले. गावरान बी राखता येते. आणि ते मिळविण्यासाठी कोणाच्या तरी दारी जावेच लागते, हा त्याचा मोठा गुण. आमच्याकडे वालाचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवणाऱ्या बाया अजून आहेत; त्या ते मोजून देत नाहीत, मूठ भरून देतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वालासह अनेक गावरान भाज्यांचे बी घरोघरून गोळा करून जपले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा देशाला कळले की अशा मडक्यांनाही बँक म्हणता येते. नवशिक्याने पहिले बी दुकानातून न आणता शेजारणीकडून मागून आणावे असे आम्ही सुचवितो. तिच्या बियाबरोबर तिचा सल्लाही येतो, आणि तो बहुधा कृषिपुस्तिकेपेक्षा अचूक असतो, कारण ती त्याच मातीवर चाळीस पावसाळे राहिलेली असते.

शेवटी पाणी. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजवटीपासून बांधलेले मालगुजारी तलाव आजही गावोगावी आहेत, आणि त्यांचे पाणी कोणाच्या बांधीत केव्हा जावे याचे गावाचे ठरलेले नियम होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि मालकी बदलली तशी निगाही सैल झाली. पुष्कळ तलाव गाळाने भरले. त्यामुळे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात मे महिन्यात हातपंपापुढे गुंडांची रांग लागते. अशा वेळी कुंपणाच्या आतील भेंडीला पाणी घालावे काय? विहीर आपली, दोर आपला, श्रम आपले. कायद्याने कोणी अडविणार नाही. पण जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही, आणि आमच्या विहिरीतून उपसलेली प्रत्येक बादली पलीकडच्या हातपंपाच्याही वाट्याची असू शकते. काही सज्जन म्हणतात की एवढा विचार केला तर माणूस काहीच पिकवू शकणार नाही. आम्हांस तसे वाटत नाही. हिवाळ्याची भाजी मार्चअखेर आटोपते, पावसाळ्याची रोपे मृगाच्या सुमारास टाकावयाची असतात. मधले दोन महिने जमिनीला उन्हाने तापू दिले तर हुमणीचे किडे आणि तणांचे बी मरते, असे जाणते शेतकरीही सांगतात.

यंदा मिशनच्या विहिरीचे पाणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच खाली गेले. वाफे उकरून कोरडे ठेवले आहेत. न्हाणीच्या पाण्यावर आळू आणि एक शेवगा तेवढा हिरवा आहे. शेवग्याच्या शेंगा इतक्या उंचावर आहेत की त्या काठीने पाडाव्या लागतात, आणि त्या पाडावयास शाळेची मुले सुट्टीतही येतात. भाजीवाली बाईने मृगासाठी वांग्याची रोपे आपल्याकडून घ्यावीत असे बजावून ठेवले आहे. रोपाचा भाव तिने अद्याप सांगितलेला नाही.